मेकॅनिकल झालंय, मर्चंट नेव्हीत जायचंय. आधी ‘ग्रीन शिपिंग’चा कोर्स करावा का?

तुम्ही लातूरचे, बी.ई. मेकॅनिकल झालंय, जहाजावर इंजिनिअर व्हायचंय. आणि एक एजंट सांगतोय की जहाजांचं इंधन बदलतंय, तेव्हा दीड लाखाचा ‘ग्रीन शिपिंग’ कोर्स आधी उरकून घ्या.

नका करू. आधी जीएमई करा, म्हणजे मेकॅनिकलवाल्यांसाठीचा एक वर्षाचा मरीन इंजिनिअरिंगचा कोर्स, तोही डीजी शिपिंगच्या, म्हणजे जहाजवाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या, मंजूर यादीतल्याच संस्थेत. मग ट्रेनी म्हणून समुद्रावर, मग क्लास फोरची, म्हणजे जहाजावर इंजिनिअर होण्याची पहिली परीक्षा. माझ्या मावसभावाचे पैसे अशाच एका एजंटाकडे बुडाले, म्हणून इतकं ठासून सांगतोय.

मी परभणी जिल्ह्यातला. वडील साखर कारखान्यात बॉयलरवर होते. मी सध्या एलएनजीवर, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायूवर, चालणाऱ्या जहाजावर सेकंड इंजिनिअर आहे.

इंधन बदलतंय हे मात्र खरं आहे. २०५० च्या आसपास जहाजांचं उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणायचं, असं आयएमओने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या सागरी संघटनेने, २०२३ मध्ये ठरवलं. कार्बन शुल्काचा निर्णय ऑक्टोबर २०२५ मध्ये वर्षभर पुढे ढकलला गेला, तरी मिथेनॉल आणि एलएनजीची जहाजं पाण्यात उतरलीच आहेत. एक जहाज वीस-पंचवीस वर्षं चालतं, म्हणजे तुमची निम्मी नोकरी त्यांच्यावरच जाणार. २०३५ च्या आसपासपर्यंत आठ लाख खलाशांना नवं प्रशिक्षण लागू शकतं, असा डीएनव्ही या जहाजं तपासणाऱ्या नॉर्वेच्या संस्थेचा २०२२ चा अंदाज आहे. त्यात भारतीय आणि फिलिपिनो पोरं किती असतील, तुम्हीच बघा.

हे प्रशिक्षण का लागतं, ते मला एका दुपारी कळलं. उन्हात पत्र्याच्या ट्रेमध्ये मिथेनॉल ओतून पेटवलं. काहीच दिसेना. सरांनी खराट्याचं टोक ट्रेवर धरलं, तर ते भडकन पेटलं. थर्मल कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितलं तेव्हा गुडघाभर ज्वाळा दिसल्या, आणि आम्ही दोन पावलांवर उभे होतो. जहाजाच्या नेहमीच्या तेलाचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ पेट घेऊ शकते तो, किमान ६० अंश असावा लागतो. मिथेनॉलचा सुमारे १२. आपल्याकडं जानेवारीच्या पहाटे असते तेवढ्या थंडीतही त्याची वाफ पेट घेते. अमोनिया हे दुसरं नवं इंधन तर त्याहून विषारी.

अशा जहाजांसाठी आयजीएफचं (वायू आणि सहज पेटणाऱ्या इंधनांच्या जहाजांची नियमावली) बेसिक आणि ॲडव्हान्स्ड सर्टिफिकेट लागतं. बेसिक वर्गात होतं. खरी अडचण ॲडव्हान्स्डची. त्याला अशा जहाजावर किमान महिनाभराची नोकरी आणि तीन वेळा बंकरिंग (जहाजात इंधन भरणं) दाखवावं लागतं, त्यातली दोन सिम्युलेटरवर चालतात. पण सर्टिफिकेट नाही म्हणून जहाज मिळत नाही, आणि जहाज नाही म्हणून सर्टिफिकेट मिळत नाही! आपल्यासारख्या देशांतली पोरं इथंच अडकतात. अभ्यासात ती कमी पडत नाहीत, जागाच मोजक्या असतात, आणि याचा मला मनापासून राग येतो. कंपनीने स्वतःच्या जहाजावर चढवून हे करून घेतलं पाहिजे.

आणखी एक. कमी कार्बन म्हणजे फक्त नवं इंधन नव्हे. वेग १० टक्के कमी केला की इंजिनाची लागणारी शक्ती साधारण २७ टक्क्यांनी उतरते. प्रवास लांबतो हे धरूनही तेल सुमारे १९ टक्के वाचतं. तळाला शेवाळ किती चढलंय, प्रोपेलर कधी घासला, यावरही तेलाचा खप ठरतो. २०२३ पासून दरवर्षी मोठ्या जहाजाला ए ते ई अशी श्रेणी मिळते, ती वर्षभरात किती तेल जाळलं आणि किती अंतर कापलं यावरून. ते आकडे रोज दुपारी बाराला पाठवायच्या नून रिपोर्टमधून येतात. वडील दर तासाला स्टीमचं प्रेशर वहीत लिहायचे, अंदाजे कधीच नाही. मला पहिल्या जहाजावर तीच सवय कामाला आली.

पुढे बंदर किंवा सरकारी कामाकडे वळावंसं वाटलं, तर स्वीडनमधल्या माल्मो इथं आयएमओचंच वर्ल्ड मेरीटाइम युनिव्हर्सिटी आहे. मुख्यतः विकसनशील देशांतल्या लोकांसाठी ते १९८३ मध्ये काढलं. पण ते अनुभवानंतर.

तुमच्यासाठी आत्ताचं काम एवढंच: जीएमईला प्रवेश घेण्याआधी स्पॉन्सर करणाऱ्या कंपनीला विचारा, तुमच्याकडे ड्युअल-फ्युएल (नेहमीचं तेल आणि नवं इंधन, दोन्हींवर चालणारी) जहाजं किती, आणि ट्रेनींना त्यांवर चढवता का? उत्तर गुळमुळीत आलं, तर दुसरी कंपनी बघा.