एक ड्रायव्हर नाही म्हणतो, दुसरा हो म्हणतो, ऐकायचं कोणाचं?

प्रश्न: नमस्कार, लिनक्स टाकताना माझ्याकडून डिस्क निवडण्यात चूक झाली आणि जुन्या डेटा डिस्कचं पार्टिशन टेबल (कुठला भाग कुठून कुठपर्यंत ही नोंद) उडालं. लक्षात आल्याबरोबर इन्स्टॉल बंद केलं. नंतर टेस्टडिस्क या हरवलेली पार्टिशन शोधणाऱ्या टूलने दाखवलं की एनटीएफएस (विंडोजची फाइलसिस्टिम) पार्टिशन सेक्टर २०४८ पासून सुरू होतं, मग मी एफडिस्कमध्ये ते हातानेच परत बनवलं, शेवट कुठे होता ते आठवत नव्हतं म्हणून अंदाजाने ४६० जीबीचं केलं. आता एनटीएफएस-३जी या ड्रायव्हरने माउंट करायला (जोडून उघडायला) गेलो की शेवटचा सेक्टर वाचता येत नाही म्हणून सरळ नकार. कर्नलमधल्या एनटीएफएस३ ने मात्र माउंट होतं, पण रीड-ओन्ली, फोल्डर सगळे दिसतात, नावं बरोबर आहेत आणि तरी बरेच फोटो उघडताना इनपुट-आउटपुट एरर येते. कुठल्या ड्रायव्हरवर विश्वास ठेवू? आणि एनटीएफएसफिक्स हे दुरुस्तीचं टूल चालवून बघू का?

उत्तर: आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, नका चालवू. एनटीएफएसफिक्स नाही, विंडोजला जोडून चेकडिस्क तर अजिबात नाही. ही दोन्ही डिस्कवर लिहिणारी टूल्स आहेत आणि तुमच्या डिस्कवर बिघडलंय ते फाइलसिस्टिम नाहीच, तिच्याभोवतीची हद्द चुकलीय. चुकीच्या हद्दीत चेकडिस्क चालवलं तर त्याला ज्या फाइल्सचा डेटा सापडत नाही त्या त्याच्या दृष्टीने खराब, आणि तो नोंदी दुरुस्त करायला लागतो. मी अशी घाई एकदा केलीय, फोल्डरची रचना गेली आणि नाव नसलेल्या तुकड्यांचा ढीग हातात आला, तो निवडत बसायला किती दिवस गेले ते अजून आठवतं. म्हणून इतक्या कळकळीने सांगतोय.

आता ड्रायव्हरचं. दोघंही खरंच बोलतायत, एकच गोष्ट वेगळ्या पद्धतीने सांगतायत. एनटीएफएसच्या पहिल्याच सेक्टरमध्ये, म्हणजे बूट सेक्टरमध्ये, फाइलसिस्टिम किती सेक्टरची आहे ते लिहिलेलं असतं. एनटीएफएस-३जी हा फ्यूजवर, म्हणजे कर्नलच्या बाहेर चालणारा जुना ड्रायव्हर, तो तो आकडा वाचतो, शेवटच्या सेक्टरपर्यंत जाऊन बघतो, आणि पार्टिशन त्याआधीच संपलं तर पुढे जातच नाही. त्याचा मेसेज पूर्ण वाचला असता तर त्यात पार्टिशन एनटीएफएसपेक्षा लहान असू शकतं ही शक्यताही दिलेली असते, आपण पहिली ओळ वाचून घाबरतो. एनटीएफएस३ हा पॅरागॉनने दिलेला ड्रायव्हर, २०२१ मध्ये कर्नल ५.१५ सोबत आला. त्यालाही तोच घोळ दिसतो, पण तो डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या मेसेजमध्ये, फाइलसिस्टिमचा साइज व्हॉल्यूमपेक्षा मोठा आहे असं लिहितो आणि रीड-ओन्ली माउंट करून देतो. बघा डीमेसेज, ती ओळ तिथे असणारच.

आणि नावं दिसतात पण फोटो का नाही, तर विंडोजने फॉरमॅट केलेल्या मोठ्या पार्टिशनवर मास्टर फाइल टेबल (सगळ्या फाइल्सची यादी) बहुतेक वेळा क्लस्टर (फाइलसिस्टिम जागा ज्या गठ्ठ्यांत मोजते तो गठ्ठा) ७८६४३२ ला सुरू होतं, ४ केबीचा क्लस्टर धरला तर सुरुवातीपासून फक्त ३ जीबीवर. म्हणजे नावं, तारखा, साइज याचा बराचसा भाग पुढेच आहे, तुमच्या ४६० च्या आत. फोटोंचा खरा डेटा मात्र कुठेही असू शकतो, जो ४६० च्या पलीकडे पडलाय तो मागितला की कर्नल म्हणतं इथे डिस्कच नाही, आणि एरर येते.

तेव्हा अंदाज सोडा आणि खरा आकडा वाचा. पार्टिशनचा पहिला सेक्टर हेक्समध्ये उघडा, चौथ्या बाइटपासून एनटीएफएस ही अक्षरं दिसली की जागा बरोबर आहे. मग ऑफसेट ४० (शून्यापासून मोजून, हेक्समध्ये २८) पासूनचे आठ बाइट बघा, ते उलटे वाचायचे असतात, शेवटचा बाइट सगळ्यात मोठा. समजा तिथे एफएफ एफएफ ७एफ ३ई आणि पुढे चार वेळा ०० असं असेल तर आकडा होतो १०४८५७५९९९. बूट सेक्टरची बॅकअप कॉपी या मोजणीच्या बाहेर, अगदी शेवटी असते, म्हणून त्यात १ मिळवा, १०४८५७६००० सेक्टर, ५१२ ने (एका सेक्टरचे बाइट) गुणलं की ५३६८७०९१२००० बाइट, म्हणजे १०२४ च्या हिशेबाने बरोबर ५०० जीबी. तुमचा आकडा वेगळा निघेल, रीत हीच. खात्री करायची तर २०४८ मध्ये १०४८५७५९९९ मिळवून येणारा सेक्टर, १०४८५७८०४७, तोही उघडून बघा, तिथे परत एनटीएफएस ही अक्षरं दिसली तर हद्द सापडली.

पार्टिशन टेबलला मात्र परत हात लावू नका, गरजच नाही. दुसऱ्या डिस्कवर जागा असेल तर डीडीरेस्क्यूने अख्ख्या डिस्कची इमेज (हुबेहूब कॉपी) घ्या, आणि लॉसेटअपने त्या इमेजवर रीड-ओन्ली लूप डिव्हाइस (फाइललाच डिस्कसारखं वापरायची सोय) बनवा, ऑफसेट १०४८५७६ बाइट (२०४८ गुणिले ५१२) आणि साइझलिमिट वर काढलेला बाइटचा आकडा. मग तो लूप डिव्हाइस रीड-ओन्ली माउंट करा, ड्रायव्हरचं नाव स्पष्ट देऊन, कारण टाइपमध्ये नुसतं एनटीएफएस लिहिलं तर कोण पुढे येईल ते तुमच्या सिस्टिमवर ठरतं. नक्की कोण आलं ते फाइंडमाउंट सांगतं, फ्यूजबीएलके दिसलं तर एनटीएफएस-३जी. हद्द बरोबर असेल तर आता तोही मुकाट माउंट करेल. त्याचं हो म्हणणं हीच इथे खरी परीक्षा, म्हणून विचारलंत तर मी पहिला कौल त्या नकार देणाऱ्याचाच घेतो.

एखाद्या फाइलवर दोघं वेगळं बोलले तर दोन्हीकडून कॉपी काढा आणि चेकसम (फाइलमधल्या डेटावरून निघणारा आकडा) जुळवा. आणि एनटीएफएस३ ने पुढे कधी व्हॉल्यूम डर्टी (नीट बंद न झालेला) आहे, फोर्स दिलेला नाही असं सांगितलं तर फोर्स देऊ नका, ती अट लिहिण्यासाठी माउंट करतानाच लागते, रीड-ओन्ली दिलं की प्रश्नच नाही.

प्रश्न: माझं पार्टिशन एक्स्ट४ (लिनक्सची फाइलसिस्टिम) आहे, रीड-ओन्ली माउंट केलं म्हणजे डिस्कला धक्का लागत नाही ना?

उत्तर: लागू शकतो, हे खूप जणांना माहीत नसतं. जर्नल (बदलांची आधी करून ठेवलेली नोंद) अर्धवट राहिलेलं असेल तर एक्स्ट४ रीड-ओन्ली माउंटमध्येसुद्धा ते आधी पूर्ण करतं, म्हणजे डिस्कवर लिहितं. आधी ब्लॉकडेव्हने डिव्हाइसच रीड-ओन्ली करा आणि माउंटला रीड-ओन्लीसोबत नोलोड हा ऑप्शन द्या. एक्सएफएस असेल तर त्याच कामाचा ऑप्शन नोरिकव्हरी.