वाचकांचे प्रश्न : फ्रेडरिकचे सहा पूर्वज कुठे गेले?

प्रश्न : प्रशियाचा राजा फ्रेडरिक दुसरा (जन्म १७१२) याच्या पूर्वजांचा तक्ता करतोय. खापरपणजोबांच्या पिढीत सोळा घरं हवीत, नावं मात्र दहाच भरतात. काय चुकतंय?

उत्तर : काहीच नाही, माणसं दहाच आहेत. राजाला १ क्रमांक द्या. कुणाच्याही क्रमांकाची दुप्पट म्हणजे त्याचे वडील, त्यात एक मिळवला की आई. वडील फ्रेडरिक विल्यम पहिला (२) आणि आई सोफी डोरोथिया (३) यांचं लग्न १७०६चं. नवऱ्याने सरळ मामाची मुलगी केली : त्याची आई सोफी शार्लोट (५) ही पुढे इंग्लंडच्या गादीवर बसलेल्या पहिल्या जॉर्जची (६) सख्खी बहीण. त्यामुळे या भावंडांचे आईवडील, हॅनोव्हरचा अर्न्स्ट ऑगस्ट आणि त्याची बायको सोफिया, १०-११ वर येतात, तसेच १२-१३ वरही.

पुढची गाठ आणखी घट्ट आहे. या जॉर्जने १६८२मध्ये सख्ख्या चुलतबहिणीशी लग्न केलं. (मामाची मुलगी आपल्याकडे अनेक घरांत चालते, ही चालली नसती.) तिचे वडील, त्सेलेचा जॉर्ज विल्यम (१४), हे अर्न्स्ट ऑगस्टचे भाऊ. म्हणून या भावांचे आईवडील २०-२१, २४-२५ आणि २८-२९ असे तीनदा येतात. सोफियाचे आईवडील, पॅलेटिनेटचा फ्रेडरिक पाचवा आणि एलिझाबेथ स्टुअर्ट, २२-२३ आणि २६-२७ वर. सोळातले सहा असे गळतात.

पण घर खोडू नका, नाहीतर दुपटीचा हिशेब तिथेच मोडतो. २४च्या घरात ‘= २०’ एवढंच लिहा. पडताळ्यासाठी एलिझाबेथचे वडील, इंग्लंडचा जेम्स पहिला, ४६ आणि ५४ या दोन्ही घरांत आलेत का पाहा. त्या पिढीत ३२ पैकी १८ जणच वेगळे निघतील, कारण दहा जणांचे आईवडील वीस, पण १७ आणि २२ हे सख्खे बहीणभाऊ असल्याने दोन कमी.

प्रश्न : ‘महान इलेक्टर’ची (८, ब्रांडेनबुर्गचा शासक फ्रेडरिक विल्यम) बायको कोणती धरायची? दोन नावं सापडतात.

उत्तर : ऑरेंज घराण्याची लुईझ हेन्रिएट. तिचा मुलगा (४) १६५७चा. डोरोथियाशी दुसरं लग्न १६६८चं. नावाशेजारी मुलूख आणि मृत्युसाल लिहाच. जॉर्ज विल्यमही दोन आहेत : त्सेलेचा १७०५मध्ये वारला, ब्रांडेनबुर्गचा (१६) १६४०मध्ये. आणि पहिल्या जॉर्जचा जन्म एकीकडे २८ मे १६६०, दुसरीकडे ७ जून दिसला, तर माणूस एकच. प्रोटेस्टंट जर्मन राज्यांत १७००पर्यंत जुनं, दहा दिवस मागे असलेलं कॅलेंडर चालू होतं.