हिशेबाचं सॉफ्टवेअर निवडताना आधी अहवाल ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सहा जणांचा व्यवसाय, हिशेब सध्या स्प्रेडशीटमध्ये. नफा-तोटा पत्रक, ताळेबंद आणि थकबाकीचा अहवाल दर महिन्याला आपोआप तयार व्हावा अशी अपेक्षा आहे आणि तीन सॉफ्टवेअरमधून एक निवडायचं आहे. तिघांच्याही माहितीपत्रकात 'स्वयंचलित अहवाल' हे शब्द असणारच, त्यामुळे त्यावरून निवड होणार नाही.

अहवाल म्हणजे शेवटी नोंदींची बेरीज. बेरीज कुठलंही सॉफ्टवेअर बरोबरच करतं. चुकते ती नोंद: भलत्या खात्यात पडते, भलत्या तारखेला पडते किंवा दोनदा पडते. म्हणून दोनच गोष्टी कसून तपासा. नोंद आपोआप योग्य जागी जाते का, आणि एकदा पाठवलेल्या अहवालातले आकडे नंतर बदलू शकतात का.

सुरुवात कागदावर करा. कोणता अहवाल, कोण वाचणार, त्यावरून काय ठरवणार आणि महिन्याच्या कोणत्या तारखेपर्यंत हवा, एवढं लिहा. 'शाखेनुसार नफा' किंवा 'सेवेनुसार नफा' अशी ओळ त्यात आली, तर प्रत्येक नोंदीला विभागाची खूण लावता यायला हवी. ही खूण अख्ख्या बिलाला लागून भागत नाही, बिलातल्या प्रत्येक ओळीला वेगळी लागली पाहिजे, कारण एकच वीजबिल दोन शाखांत वाटावं लागतं. ही सोय नसली की लोक 'प्रवास – शाखा 1', 'प्रवास – शाखा 2' अशी खाती उघडत जातात. खर्चाची 40 खाती आणि 3 शाखा म्हटलं की यादी 120 वर जाते, आणि मग कुणीही कुठेही नोंद टाकतं. खूण सक्तीची करता येते का तेही बघा. नाहीतर 'विभाग नाही' हाच सगळ्यात मोठा विभाग होऊन बसतो.

आता बँकेचे व्यवहार आपोआप आत येण्याची सोय. वेळ सगळ्यात जास्त हीच वाचवते आणि हिशेब सगळ्यात जास्त हीच बिघडवते. समजा 10,000 चं बिल केलं, ग्राहकानं पेमेंट गेटवेवरून (ऑनलाइन पैसे घेऊन आपल्याला पोचवणारी मधली सेवा) पैसे भरले, गेटवेनं 200 शुल्क कापलं आणि बँकेत 9,800 जमा झाले. 'गेटवेकडून आलेली रक्कम म्हणजे विक्री' असा नियम लावून ठेवला असेल, तर विक्री 19,800 दिसेल, ग्राहकाकडे 10,000 येणे तसंच राहील आणि शुल्क कुठेच दिसणार नाही. बरोबर मांडणी अशी: गेटवेच्या नावानं मधलं एक खातं उघडायचं. ग्राहकाचे 10,000 त्या खात्यात नावे (डेबिट) पडतात. बँकेत आलेले 9,800 आणि शुल्काचे 200 त्याच खात्यातून वजा होतात. शिल्लक शून्य आली की व्यवहार मिटला. शिल्लक उरली तर ते पैसे वाटेत आहेत किंवा परतावा नोंदवायचा राहिलाय. अनेक विक्रींची एकत्र रक्कम आली तरी सॉफ्टवेअर तिची अशी फोड करतं का, हे चाचणीत स्वतः करून बघा.

बँकेच्या नियमांबद्दल आणखी एक. नियम नोंद परस्पर पक्की करतो की फक्त सुचवतो, हे विचारा. पहिले दोन-तीन महिने सगळे नियम सुचवण्यापुरतेच ठेवा. बँक शुल्कासारख्या ठरलेल्या खर्चाला तेवढी पक्की नोंद चालेल. आपल्याच एका खात्यातून दुसऱ्या खात्यात हलवलेले पैसे एकीकडे खर्च आणि दुसरीकडे उत्पन्न म्हणून पडणं ही अगदी नेहमीची चूक आहे. कर्जाच्या हप्त्याला तर परस्पर नियम लावूच नका. 15,000 च्या हप्त्यात व्याज 4,000 असेल, तर नफा-तोट्यात फक्त ते 4,000 जातात, बाकीच्यानं कर्ज कमी होतं, आणि ही विभागणी दर महिन्याला बदलते. शिवाय बँकेची जोडणी मध्येच तुटते. पुन्हा जोडल्यावर काही दिवस गायब असतात किंवा दुप्पट आलेले असतात. त्यामुळे बँक जुळवणीत पासबुकाची अखेरची शिल्लक लिहून ती पुस्तकी शिलकेशी ताडता येणं आवश्यकच आहे. व्यवहारांसमोर नुसत्या हिरव्या खुणा करणं म्हणजे जुळवणी नव्हे.

वर्षाचा 24,000 चा विमा एकाच महिन्यात खर्ची पडला की तो महिना तोट्यात दिसतो आणि पुढचे 11 महिने उगाच बरे दिसतात. हा खर्च आधी 'आगाऊ दिलेला खर्च' म्हणून ताळेबंदात आणि मग दर महिन्याला 2,000 नफा-तोट्यात, अशी आवर्ती, म्हणजे दर महिन्याला आपोआप पडणारी, जमाखर्ची नोंद लागते. घसाऱ्याचंही (यंत्रं, संगणक यांची वापरानं घटणारी किंमत) तसंच. ही नोंद आपोआप पक्की होते की मसुदा बनून पडून राहते, ते बघा. मसुदे अहवालात धरले जात नाहीत, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

माझ्या मते खरी कसोटी आहे महिना बंद करण्याची, म्हणजे त्या महिन्याच्या नोंदींना कुलूप लावण्याची. मागच्या महिन्याचा अहवाल तुम्ही बँकेला किंवा भागीदाराला पाठवला. आठवड्यानं कुणीतरी जुन्या तारखेचं बिल टाकलं. पाठवलेला अहवाल आणि पुस्तकं आता जुळत नाहीत. चाचणीच्या काळात महिना बंद करा, साध्या वापरकर्त्याच्या नावानं आत जा आणि तीन गोष्टी करून बघा: जुन्या तारखेची नवी नोंद, जुन्या बिलाच्या रकमेत बदल, आणि जुनी पावती खोडणं. तिन्हींना नकार मिळाला पाहिजे. बदल करू दिलाच, तर कुणी, केव्हा, आधीची रक्कम किती आणि नंतरची किती, याची कायमची नोंद राहायला हवी. हे जमत नसेल तर ते सॉफ्टवेअर सोडून द्या, दिसायला कितीही देखणं असो.

ठरल्या वेळी मेलनं जाणारा अहवाल 1 तारखेला लावू नका. तोवर पुरवठादारांची बिलं आलेली नसतात आणि जुळवणी झालेली नसते. महिना बंद करायची तारीख ठरवा, समजा 7, आणि अहवाल 8 ला जाऊ द्या. अहवालाचा कालावधी 'मागचा महिना' असा सरकता ठेवता येतो का आणि तो स्प्रेडशीट म्हणूनही मिळतो का, तेही बघून घ्या.

मालाची खरेदी-विक्री असेल तर सॉफ्टवेअर शिल्लक उणे जाऊ देतं का ते पाहा. खरेदीचं बिल चढवण्याआधी विक्री नोंदवली की खर्चाचा आकडा अंदाजे किंवा शून्य धरला जातो, आणि नंतर तो सुधारताना गेल्या महिन्याचा ढोबळ नफा हलतो. फक्त सेवा देत असाल तर हा विषय सोडा.

फुकट चाचणीत नमुन्याच्या कंपनीशी खेळू नका. ज्याचे आकडे तुम्हाला पक्के माहीत आहेत असा स्वतःचा मागचा एक महिना घ्या, तेरजेवरून (सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी) आरंभीच्या शिलका टाका आणि सगळे व्यवहार चढवा. अवघड व्यवहार मुद्दाम घ्या: अर्धवट वसुली, ग्राहकाची आगाऊ रक्कम, परत आलेला माल, मालकानं व्यवसायातून केलेला घरखर्च. आगाऊ रक्कम माल किंवा सेवा देईपर्यंत देणं म्हणून दिसली पाहिजे, विक्री म्हणून नाही. मग ताळा घ्या. थकबाकी अहवालाची बेरीज ताळेबंदातल्या येण्याइतकीच हवी. मालाच्या यादीची किंमत माल खात्याइतकी हवी. उचंत खातं (कुठे टाकायची ते न ठरलेल्या रकमांचं तात्पुरतं खातं) शून्य हवं. थकबाकी मागच्या एखाद्या तारखेची काढता येते का, हेही जरूर बघा. काही ठिकाणी फक्त आजची मिळते, आणि मग महिनाअखेरच्या ताळेबंदाशी ती कधीच जुळत नाही.

किमतीची तुलना करताना विभागाची खूण, महिना बंद करणं आणि वापरकर्त्यांचे वेगवेगळे अधिकार कोणत्या योजनेत मिळतात ते आधी पाहा. स्वस्त योजनेतून नेमक्या ह्याच गोष्टी वगळलेल्या असू शकतात. बाहेर पडायची वाटही आजच तपासा: संपूर्ण खतावणी, म्हणजे सगळ्या खात्यांच्या सगळ्या नोंदी, तारीख, नोंद क्रमांक, खातं, नावे, जमा आणि खूण अशा रकान्यांसकट एका फाइलमध्ये निघाली पाहिजे, आणि जोडलेली बिलंही. पीडीएफचा गठ्ठा पुढच्या सॉफ्टवेअरला वाचता येत नाही.

बदल आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला करणं सोपं जातं. तेवढं थांबणं शक्य नसेल तर महिन्याच्या 1 तारखेला करा आणि दोन महिने जुनी स्प्रेडशीट सोबत चालू ठेवा. जुनी येणी एकाच ढोबळ रकमेनं चढवू नका. प्रत्येक थकीत बिल त्याच्या मूळ तारखेनं आणि मुदतीनं वेगळं टाका, नाहीतर 90 दिवस जुनी थकबाकीही पहिल्या दिवसापासून कालचीच दिसेल.