आवाज चढत नाही, मग साईट कशी सांभाळणार?

"मॅडम, मला साईटवर ओरडता येत नाही. मग मी प्रोजेक्ट मॅनेजर कसा होणार?"

बांधकाम क्षेत्रातले तरुण करिअरबद्दल बोलायला येतात, तेव्हा हा प्रश्न या ना त्या रूपात निघतोच. इथे ज्याच्याबद्दल लिहिते आहे तो स्थापत्य अभियंता, पाच वर्षं साईटवर काढलेला. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

खरं तर तो आला होता वेगळाच प्रश्न घेऊन: कोणता कोर्स करू? पीएमपी हे प्रकल्प व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र, बांधकाम व्यवस्थापनातली पदव्युत्तर पदवी की प्रायमावेरा हे नियोजनाचं सॉफ्टवेअर? तिन्हींची माहिती त्याने कसून काढली होती. पीएमपीसाठी चार वर्षांची पदवी असलेल्याला ३५ तासांचं प्रशिक्षण आणि प्रकल्पांचं नेतृत्व केल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव लागतो, हेही त्याला ठाऊक होतं. "माझी तर पाच वर्षं झाली," तो म्हणाला. मी त्याला एक कागद दिला आणि या पाच वर्षांत ज्यांचा निर्णय तुमचा होता अशी कामं लिहा, असं सांगितलं. तो बराच वेळ लिहीत होता. सळई तपासली, लेव्हल (उंचीची मापं) घेतल्या, डीपीआर (रोजच्या प्रगतीचा अहवाल) पाठवला, कास्टिंगला (काँक्रीट ओतताना) रात्रभर थांबलो. सगळी मेहनतीची, जबाबदारीची कामं. पण निर्णय त्याचा होता अशा ओळी फारच थोड्या निघाल्या, आणि ते त्याच्याच लक्षात आलं.

मग ओरडण्याचा विषय निघाला. शटरिंगचा, म्हणजे काँक्रीटच्या साच्याचा, ठेकेदार सुतार कमी पाठवायचा तेव्हा हा गप्प राहायचा. सिनियर येऊन आवाज चढवायचे, दुसऱ्या दिवशी माणसं हजर. त्यावरून त्याने स्वतःबद्दल ठरवून टाकलं होतं की आपण या पदाचे नाही, निदान हातात एखादं प्रमाणपत्र असलं तर लोक ऐकतील. कोर्स वाईट नसतात. पण ज्या गोष्टीची भीती वाटते ती टाळण्यासाठी कोर्स केला, तर तो संपल्यावर भीती तिथेच उभी असते. हे मी खूप जणांच्या बाबतीत पाहिलं आहे.

मी विचारलं, "साईटवर कधीच कुणाला थांबवलं नाहीत?" त्याला आठवलं. एकदा स्लॅबच्या कास्टिंगच्या वेळी खालचे काही प्रॉप्स (साच्याला आधार देणारे खांब) ओळंब्यात नव्हते. पंप सुरू झाला होता, गाड्या रांगेत होत्या, सिनियर जागेवर नव्हते. त्याने काम थांबवलं, सपोर्ट नीट करून घेतले आणि मगच पुढचं काँक्रीट पडू दिलं. मुकादम चिडला होता. "तेव्हा आवाज कुठून आला?" या प्रश्नावर तो म्हणाला, "तेव्हा मला खात्री होती ना." सुरक्षिततेच्या बाबतीत आवाज चढवावाच लागतो, आणि तो त्याच्याकडे होता. अडचण आवाजाची नव्हतीच. ठेकेदाराशी बोलताना त्याला खात्री वाटत नव्हती, आणि "नाही" ऐकावं लागलं तर पुढे काय करायचं, हे त्याने ठरवलेलं नसायचं.

या पदाचं काम बाहेरून दिसतं त्याहून बरंच वेगळं असतं. स्लॅबची तारीख ठरते तेव्हा तिच्यामागे किती गोष्टी रांगेत उभ्या असतात! मंजूर ड्रॉइंग, सळई, इलेक्ट्रिकल आणि प्लंबिंगचे स्लीव्ह (काँक्रीटमधून वायर-पाईप नेण्यासाठीच्या नळ्या), कन्सल्टंटची तपासणी, पंप. यातलं इलेक्ट्रिकल ड्रॉइंगचं नवं रिव्हिजन अजून आलेलं नाही, हे ज्याच्या लक्षात तीन आठवडे आधी येतं, तो कामाचा मॅनेजर. आदल्या दिवशी लक्षात आलं तर ओरडायलाच लागतं, आणि उशीर तर तोवर होऊन गेलेला असतो. कोणतं काम लांबलं की शेवटची तारीख हलते आणि कोणत्या कामाला थोडी सवड आहे, हे शोधण्याची क्रिटिकल पाथ पद्धत १९५० च्या दशकाच्या शेवटी ड्यूपाँट आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांनी मिळून तयार केली. इतकी वर्षं झाली, तरी अनेक साईटवर सगळ्याच कामांच्या मागे सारखीच धावाधाव चालते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्यात माणसं थकतात.

लिहिण्याचंही तसंच आहे. फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नमुना करारांमध्ये ठेकेदाराला वाढीव मुदत किंवा पैसे मागायचे असतील, तर कारण लक्षात आल्यापासून २८ दिवसांत नोटीस द्यावी लागते. १९९९ आणि २०१७ च्या आवृत्त्यांत ती मुदत चुकली तर हक्कच जाऊ शकतो. फोनवर कितीही मोठ्याने भांडलं तरी ते पत्र होत नाही. वेळेवर, नेमकं आणि शांतपणे लिहिणारा माणूस इथे कंपनीला वाचवतो. "तुमच्या कामाच्या करारात हे कलम कसं आहे?" असं विचारलं, तर त्याने करार पाहिलेलाच नव्हता. साईट इंजिनिअरला तो कुणी दाखवत नाही, आणि तोही मागत नाही.

पुढच्या भेटींमध्ये आम्ही बोलण्याचा सराव केला. मी ठेकेदार झाले, आणि मुद्दाम हट्टी झाले. सुरुवातीला तो "जरा बघा ना" यावरच अडायचा. हळूहळू वाक्य तयार झालं: "१२ सुतार ठरले होते, आज ७ आले. बाकीचे कधी येतील ते सांगा. येणार नसतील तर कोणता भाग मागे ठेवायचा ते आत्ताच ठरवू." यात आवाज चढवायची गरज नाही, पण पळवाटही नाही.

सोबत एक काम दिलं. आपल्या भागापुरता पुढच्या तीन आठवड्यांचा आराखडा करायचा, दर आठवड्याला फोरमन आणि ठेकेदारांकडून "हे आम्ही पुरं करू" असं वदवून घ्यायचं, आणि आठवड्याच्या शेवटी किती झालं ते मोजायचं. ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल यांनी मांडलेल्या लास्ट प्लॅनर पद्धतीचा हा गाभा आहे. सुरुवातीला जवळपास निम्मी कबुलीची कामं अपुरी राहिली. तो खचला, आता सिनियरना काय दाखवू म्हणाला. मी फक्त प्रत्येक अपुऱ्या कामापुढे कारण लिहायला सांगितलं. काही आठवड्यांनी ती यादी वाचताना तोच चकित झाला. माणसं कमी पडली हे कारण होतं, पण त्याहून जास्त वेळा साहित्य उशिरा आलं होतं किंवा ड्रॉइंगचा खुलासा अडकला होता. शटरिंगच्या ठेकेदारावर रोज कुणी ओरडलं असतं, तरी ती कामं झाली नसती.

सगळ्यांनी मॅनेजरच व्हावं असं मला मुळीच वाटत नाही. नियोजन, मोजमाप आणि बिलं, गुणवत्ता ही पूर्ण करिअर आहेत. शिवाय या पदासोबत लांबलचक दिवस आणि प्रकल्पामागून बदलणारं गाव येतं. त्याबद्दल घरच्यांशी आधीच बोलून घ्यावं, असं मी त्यालाही सांगितलं.

त्याने वरिष्ठांकडे एका तळघराचं पूर्ण समन्वयन मागून घेतलं. पीएमपी पुढे ढकललं, कारण नेतृत्वाचे महिने आता कुठे मोजायला सुरुवात झाली आहे. प्रायमावेरा मात्र शिकतो आहे, कारण आता त्यात घालायला स्वतःचा आराखडा आहे. सिनियर अजूनही त्याला मऊ म्हणतात, आणि ते त्याला लागतंही. पण करार त्याने मागून घेऊन वाचला, आणि रखडलेल्या ड्रॉइंगबद्दलच्या पत्राचा मसुदा मुदतीच्या आत प्रोजेक्ट मॅनेजरच्या टेबलावर ठेवला.