कॅमेऱ्याची बॅटरी: ओरिजिनल घ्यावी की जेनेरिक? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

लग्नसराई तोंडावर आली आहे. त्यामुळे या वेळी मराठवाड्यातून आलेल्या पत्रांत बॅटरीचाच विषय जास्त आहे. त्यातली निवडक पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : मी लग्नाचे फोटो काढतो. कॅनन ईओएस आर६ आहे आणि कंपनीची एकच बॅटरी आहे. हळद आणि लग्न मिळून आणखी तीन तरी लागतात. ओरिजिनल घ्यायच्या तर एका छोट्या ऑर्डरचे पैसे त्यातच जातात. दुकानदार तिसऱ्या हिश्श्याच्या किमतीत ३००० एमएएचची बॅटरी देतोय. घ्यावी का? (एक वाचक, अंबाजोगाई)

३००० एमएएच (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) लिहिलेली घेऊ नका. जेनेरिक, म्हणजे कॅमेरा कंपनीची नसलेली, म्हणून नव्हे, तर तो आकडा खोटा आहे म्हणून.

तुमच्या कॅमेऱ्याची बॅटरी एलपी-ई६एनएच. तिचा आकार २००८ पासून तोच आहे. तेव्हाची एलपी-ई६ होती १८०० एमएएचची. २०१४ मध्ये एलपी-ई६एन आली ती १८६५ ची, आणि २०२० मध्ये एलपी-ई६एनएच २१३० ची. म्हणजे बारा वर्षांत खुद्द कंपनीला त्याच डबीत अठरा टक्केच वाढ करता आली. आत दोन लिथियम-आयन सेल एकापुढे एक जोडलेले असतात, शिवाय सर्किट आणि प्लास्टिकचं कवच. त्या जागेत चाळीस टक्के जास्त क्षमता मावत नाही. ज्याने लेबलवर असं लिहिलं, त्याने आतल्या संरक्षक सर्किटमध्येही काटकसर केली असणार असं धरून चला.

बाजारात माल दोन नव्हे, तीन प्रकारचा असतो. एक कंपनीचा. दुसरा, स्वतःच्या नावाने विकणाऱ्या बॅटरी उत्पादकाचा. हा खरा जेनेरिक, आणि यात चांगला माल मिळतो. तिसरा म्हणजे कॅमेरा कंपनीचाच लोगो छापलेला नकली माल. सगळ्यात जास्त फसगत इथे होते, कारण पैसे जवळपास ओरिजिनलचे जातात आणि हातात काय आलं ते कळत नाही. ओरिजिनल घेताना पक्कं बिल घ्या आणि खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी आणि ग्राहक सेवेचा नंबर आहे का ते बघा. आर६ च्या मेनूत बॅटरीची माहिती दाखवणारं पान आहे. तिथे प्रत्येक बॅटरीचा सिरियल नंबर दिसतो. दोन बॅटऱ्यांचा नंबर एकच निघाला तर तो माल नकली समजा.

जेनेरिक घेताना तीन गोष्टी तपासा. पहिली, आकडा. ई६एनएचच्या जागी २००० ते २२०० च्या आसपास लिहिलेलं असेल तर तो माणूस खरं बोलतोय. दुसरी, लेबलवरचं भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह. लिथियम बॅटऱ्यांना ही नोंदणी सक्तीची आहे. चिन्हाजवळ आयएस १६०४६ आणि ‘आर’ अक्षरापुढे आठ आकडे असतात. तो नंबर बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. दुकानात उभ्या उभ्या एका मिनिटात होणारं काम आहे, आणि आमच्या मते सगळ्यात जास्त उपयोगाचं. तिसरी, वजन. ओळखीच्या सोनाराकडे जाऊन तुमची ओरिजिनल आणि ही नवी, दोन्ही काट्यावर ठेवा. दोन-चार ग्रॅमचा फरक चालेल. नवी दहा-पंधरा ग्रॅमने हलकी भरली तर आत सेल लहान आहेत.

घरी आणल्यावर परत करायची मुदत संपायच्या आत चाचणी घ्या. आधी ओरिजिनल पूर्ण चार्ज करा. मग त्याच खोलीत, त्याच लेन्सवर, त्याच सेटिंगवर कॅमेरा बंद पडेपर्यंत व्हिडिओ चालू ठेवा. क्लिप अर्ध्या तासाने थांबते, ती लगेच पुन्हा सुरू करायची. एकूण मिनिटं लिहून ठेवा. हेच नव्या बॅटरीवर दोनदा करा आणि दुसऱ्या वेळचा आकडा धरा. ओरिजिनलच्या ८५ टक्के मिनिटं मिळाली तर बॅटरी उत्तम. ७० टक्क्यांच्या खाली गेली तर परत करा.

तुम्हाला आमचा सल्ला असा: आणखी एक ओरिजिनल आणि दोन चांगल्या जेनेरिक. अक्षता, सप्तपदी आणि पाठवणीला कॅमेऱ्यात ओरिजिनलच असू द्या. हळद, जेवणाच्या पंगती, वरातीतला नाच यांना जेनेरिक खुशाल वापरा. आर६ बद्दल आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. मेकॅनिकल शटरवर सेकंदाला १२ फोटोंचा कमाल वेग देण्याआधी हा कॅमेरा बॅटरीचा प्रकार आणि तिच्यातला चार्ज बघतो. जुनी एलपी-ई६एन टाकली तरी वेग उतरतो. त्यामुळे जेनेरिकवर वेग कमी मिळाला तर कॅमेरा बिघडला असं समजू नका. आणि ग्रिप (कॅमेऱ्याच्या तळाला लावायचा, दोन बॅटऱ्या मावणारा जोड) वापरत असाल तर त्यात एक ओरिजिनल, एक जेनेरिक अशी जोडी घालू नका.

प्रश्न : जेनेरिक बॅटरी ४० टक्के दाखवते आणि अचानक कॅमेरा बंद पडतो. पुन्हा चालू केला की दोन-तीन फोटो निघतात आणि परत बंद. बॅटरी फसवते की कॅमेरा? (वाचक, जालना)

बॅटरी. ओरिजिनलमधली चिप आत किती चार्ज गेला आणि बाहेर किती आला याचा हिशेब ठेवते. स्वस्त बॅटरीतली चिप बहुधा नुसता व्होल्टेज बघून टक्के सांगते. लिथियम-आयनचा व्होल्टेज मधल्या टप्प्यात फार हळू उतरतो, त्यामुळे अंदाज चुकतो. दुसरं कारण सेलच्या आत विजेला होणारा विरोध. हलक्या किंवा जुन्या सेलमध्ये तो वाढलेला असतो. फोकसची मोटर फिरली, शटर पडलं, कार्डावर फोटो लिहिणं सुरू झालं की क्षणभर करंट जास्त लागतो आणि व्होल्टेज खाली आपटतो. कॅमेरा ते बघून स्वतःला बंद करतो. भार गेला की व्होल्टेज सावरतो, म्हणून पुन्हा दोन-तीन फोटो निघतात.

फोटोंपेक्षा व्हिडिओत नुकसान मोठं. रेकॉर्डिंग चालू असताना वीज तुटली तर फाइल नीट बंद होत नाही आणि क्लिप उघडत नाही. अशी बॅटरी ५० टक्क्यांवरच बदलायची किंवा नुसते जुने फोटो बघायला ठेवायची. नेमकी ओळखता यावी म्हणून प्रत्येक बॅटरीवर मार्करने नंबर आणि खरेदीचा महिना टाका.

प्रश्न : कॅनन २००डी मार्क टू मध्ये जेनेरिक बॅटरी टाकली की ‘बॅटरीवर कॅननचा लोगो आहे का’ असं विचारतो. काय उत्तर द्यायचं? (विद्यार्थी, हिंगोली)

बॅटरीतली चिप कॅमेऱ्याशी नीट बोलत नाही म्हणून हा प्रश्न येतो. ‘हो’ म्हटलं तर कॅमेरा चालतो, पण उरलेला चार्ज दिसेलच असं नाही. तुमच्या कॅमेऱ्याची बॅटरी एलपी-ई१७. काही जेनेरिक एलपी-ई१७ कंपनीच्या चार्जरवर चार्जही होत नाहीत, नुसता दिवा लुकलुकतो. त्यांना सोबत आलेलाच चार्जर लागतो. लोगो असलेल्या बॅटरीवर हा संदेश आला तर मात्र दुकानदाराला गाठा.

निकॉनवाल्यांनीही सावध राहावं. डी३२००, डी५२०० च्या फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) अपडेटनंतर कित्येक जेनेरिक ईएन-ईएल१४ बॅटऱ्या चालेनाशा झाल्या होत्या. जेनेरिक सुरळीत चालत असेल तर गरज नसताना फर्मवेअरला हात लावू नका.

प्रश्न : आषाढात कपाटात ठेवलेल्या बॅटऱ्या तुळशीच्या लग्नानंतर काढल्या तर चार्जरच घेत नाही. एक मेकॅनिक ९ व्होल्टचा झटका देऊन जिवंत करतो म्हणतो. द्यायच्या का? (स्टुडिओचालक, परभणी)

देऊ नका. एका सेलचा पूर्ण चार्जचा व्होल्टेज ४.२, म्हणजे जोडीचा ८.४. रिकामा होताना तो ३ च्या खाली जाऊ द्यायचा नसतो. बॅटरी रिकामी करून ठेवली की ती पडल्या पडल्या आणखी उतरते, आणि कॅमेऱ्यातच राहिली तर कॅमेराही घड्याळासाठी थोडी थोडी वीज घेत राहतो. व्होल्टेज फार खाली गेला की सेलमधल्या तांब्याच्या पत्र्याचे कण विरघळतात आणि पुढच्या चार्जिंगला भलत्या जागी जमतात. त्यातून आतल्या आत शॉर्ट होतो. चार्जर नकार देतो तो यासाठीच. झटका दिल्यावर बॅटरी चार्ज होईल, दोन लग्नंही काढेल, पण रात्री चार्जरवर असताना पेटू शकते.

पुढच्या वर्षी अशी वेळ येऊ नये म्हणून चातुर्मासात ठेवताना चार्ज ४०-५० टक्के ठेवा. बॅटरी कॅमेऱ्यातून काढा, टोपण लावा आणि घरातल्या सगळ्यात थंड खोलीत खालच्या कप्प्यात ठेवा. दोन महिन्यांनी एकदा बघून थोडी चार्ज करा. फ्रिज नको, बाहेर काढताना दव धरतं.

उन्हाळ्याचं तर वेगळंच. परभणीत पारा ४३-४४ वर जातो, तेव्हा उन्हात लावलेल्या गाडीत साठच्या घरात तापमान जातं. पूर्ण चार्ज आणि उष्णता ही जोडी बॅटरीला सगळ्यात वाईट. ओरिजिनल असो की जेनेरिक, तिची क्षमता कायमची घटते. म्हणून लग्नाच्या आदल्या रात्री चार्ज करा, आठवडाभर आधी नको. शूटिंगहून आलेली गरम बॅटरी अर्धा-पाऊण तास निवू द्या, मगच चार्जरवर लावा.

प्रश्न : गावच्या सप्ताहात दोन तासांचं कीर्तन सलग रेकॉर्ड करायचं असतं. २००डी मार्क टू आहे. मध्येच बॅटरी बदलावी लागते आणि लाइटही जाते. उपाय? (वाचक, गंगाखेड)

डमी बॅटरी घ्या. बॅटरीच्या आकाराची पोकळ डबी आणि तिला वायर. कंपनीचा डीआर-ई१८ कपलर अ‍ॅडॉप्टरसह मिळतो, पण तो विजेच्या सॉकेटवर चालतो आणि लाइट गेली की कॅमेरा त्याच क्षणी बंद. तुमच्यासाठी यूएसबी-सी वायरची, पॉवरबँकवर चालणारी जेनेरिक डमी जास्त सोयीची. इथे आम्ही जेनेरिकच सुचवतो. मात्र पॉवरबँक ‘पॉवर डिलिव्हरी’वाली आणि ९ व्होल्ट देणारीच हवी. साध्या ५ व्होल्टवर अशा बहुतेक डम्या उठत नाहीत.

हिशेब असा. एलपी-ई१७ मध्ये ७.२ व्होल्ट गुणिले १.०४, म्हणजे साधारण ७.५ वॉट-अवर ऊर्जा. व्हिडिओला कॅमेरा ३ ते ४ वॉट खातो. म्हणून ती दोन तासांच्या अलीकडे-पलीकडे संपते, तीही नवी असेल तर. १०००० एमएएचच्या पॉवरबँकमध्ये ३७ वॉट-अवर असतात. रूपांतरात घट होऊन २२ ते २५ हाती लागतात, म्हणजे सहा तास. कीर्तन आणि हरिपाठ दोन्ही उरकतील.

बॅटरीच्या झाकणाच्या कडेला रबराचा छोटा दरवाजा आहे. वायर त्यातून बाहेर काढा आणि झाकण पूर्ण लावा. ते उघडं राहिलं तर कॅमेरा चालूच होत नाही. वायर ट्रायपॉडच्या पायाला चिकटपट्टीने बांधा, मंडपात कोणाचा पाय अडकला की डमी निसटते. क्लिप २९ मिनिटं ५९ सेकंदांनी थांबते, तेव्हा अभंगाच्या चालीवर टाळकरी उभे असतील त्या वेळी स्वतःच थांबवून नवी सुरू करा. निरूपणाचा शब्द तुटणार नाही.

प्रश्न : जेनेरिक बॅटरी फुगून कॅमेऱ्यात अडकली आहे. कशी काढू? (वाचक, उदगीर)

स्क्रूड्रायव्हर घालू नका. फुगलेल्या सेलला भोक पडलं तर ती हातात पेटते. कॅमेरा बंद करून तासभर थंड जागी ठेवा. मग झाकण उघडून खालच्या बाजूला करा, आतली अडकण बाजूला सारून धरा आणि तळहातावर हलकेच आपटा. थोडी बाहेर आली की बोटांनी सरळ ओढा, वाकवू नका. दोन-तीनदा करून हलली नाही तर सर्व्हिस सेंटरला द्या, ते तळाचं कवच उघडून काढतात.

निघाल्यावर पुन्हा चार्ज करायची नाही. टोकांवर चिकटपट्टी लावून कोरड्या वाळूच्या डब्यात, घराबाहेर ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. घंटागाडीत टाकू नका, तिथे ती दाबली जाते. ज्या चार्जरवर ती चार्ज होत होती तोही बदला. पूर्ण भरल्यावर चार्जिंग न तोडणारा चार्जर हे फुगण्याचं एक नेहमीचं कारण आहे, आणि नवी ओरिजिनल बॅटरीही तो तशीच खराब करेल.