शहीद भावाच्या पार्थिवावरचा तिरंगा पुण्यतिथीला त्याच्या फोटोवर किंवा पुतळ्यावर घालता येतो का? (कोल्हापूर)

नाही, घालू नका. पण तो घरी आयुष्यभर जपून ठेवता येतो, आणि पुण्यतिथीला फोटोशेजारी सन्मानाने मांडायलाही हरकत नाही. 1971 च्या राष्ट्रीय सन्मान अवमान प्रतिबंध कायद्यात तिरंगा पांघरण्याची मुभा शासकीय, सैन्यदलाच्या आणि निमलष्करी दलांच्या अंत्ययात्रेपुरतीच आहे. पुतळा किंवा स्मारक त्याने झाकणं हा त्याच कायद्याने अवमान ठरतो. म्हणून गावात पुतळ्याचं अनावरण ठेवलं असेल, तर झाकायला साधं भगवं किंवा पांढरं कापड घ्या. आपल्याकडे शिरोळच्या सैनिक टाकळीपासून कागल, गडहिंग्लजपर्यंत फौजी घरं खूप, त्यामुळे कार्यकर्ते प्रेमापोटी तिरंगाच आणतात. त्यांना आधीच नीट सांगून ठेवा.

घडी घालताना ध्वज आडवा धरा, केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडा, मग पांढरा पट्टा असा दुमडा की अशोकचक्र आणि दोन्ही रंगांचा थोडा भाग वर दिसेल. काचेच्या पेटीत ठेवलात तर धूळ-ओल लागत नाही; कोल्हापूरच्या पावसाळ्यात हे फार महत्त्वाचं आहे. हार, हळद-कुंकू फोटोला वाहा, ध्वजाला नको.

एक मात्र लक्षात ठेवा: भावाचं नाव, युनिट, तारीख ध्वजावर लिहायची किंवा भरतकाम करायची इच्छा होईल, ते कायद्यात बसत नाही. ती पाटी पेटीच्या लाकडावर लावा.