जीभ अडखळते तिथेच थांबा

तुम्ही लिहिलंय की महिनाभर रोज 'कच्चा पापड पक्का पापड' भरभर म्हणूनही तालमीत 'शेवटचे शब्द कळत नाहीत' हेच ऐकावं लागतं. हौशी नाटकांत बरीच वर्षं काढली, मुलांच्या तालमी घेतल्या, त्यावरून सांगते.

आधी वेग सोडा. भरभर म्हणताना 'पापड'मधला ड गळतो आणि आपल्याला वाटतं, जमलं! म्हणजे महिनाभर शब्दाचं शेपूट गिळायचाच सराव झाला. संवादात तेच उतरतं: सुरुवात खणखणीत, शेवट घशात.

मी नव्या मुलांना 'काळे राळे गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले' देते. 'मिसळले'पाशी काय होतं बघा. ळ म्हणताना जिभेचं टोक मागे वळून टाळूला लागतं, आणि लगेच ल साठी त्याला वरच्या दातांमागे यावं लागतं. घाईत कुणी 'मिसळळे' म्हणतं, कुणी 'मिसलले'. तिथेच थांबायचं. 'मि-सळ-ले' असं तोडून पाच वेळा, मग जोडून, मग अख्खी ओळ. स्वच्छ आली तरच थोडा वेग. चुकली की पुन्हा संथ.

'चार कच्च्या चिंचा, चार पक्क्या चिंचा' मला फार आवडते. 'चिंचा' या एकाच शब्दात दोन वेगळे च आहेत: पहिला 'चार'मधला, दुसरा 'चारा'मधला. लिहिताना दोन्ही सारखेच, त्यामुळे वाचून मराठी शिकलेली मुलं इथे हमखास फसतात. (बोलीतलं 'पानी' मात्र सुधारायला जाऊ नका. पात्राची भाषा तीच असेल तर तेच स्पष्ट म्हणायचं.)

दातांत पेन्सिल धरून म्हणायला मी सांगत नाही. जबडा आवळला जातो, आणि आपल्याला तो सैल हवा असतो.

पंधरा दिवसांनी या ओळी बाजूला ठेवा आणि आपल्या संहितेतले अडणारे शब्द घ्या. एका भूमिकेत मला 'न्यायाधीशांच्या निर्णयानंतर' म्हणायचं होतं, आणि दर तालमीत 'धी'चा 'दी' व्हायचा. आठवडाभर सकाळी चहा उकळेपर्यंत तेवढे दोनच शब्द म्हटले, तेव्हा कुठे ध ऐकू यायला लागला.

मोबाइल खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून एक प्रवेश रेकॉर्ड करा. ज्यांनी संहिता वाचलेली नाही अशा घरातल्या कुणाला तरी तो ऐकवा आणि प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द लिहायला सांगा. त्यांच्या कागदावर जे शब्द चुकतील, त्यांचा सराव पुढच्या आठवड्यात करा.